पखाल, छागल आणि निळी बाटली

एनॅमल चढवलेल्या लोखंडाला भंगारात भाव मिळत नाही. माझ्याकडच्या बाटल्या शिल्लक राहिल्या त्या याच कारणानं. अ‍ॅल्युमिनियम वितळतं, पितळ वजनावर लगेच जातं, तांब्याला तर कुणी नाही म्हणत नाही. पण लोखंडी पत्र्यावर निळा काचेचा थर भाजून बसवलेली फौजी वॉटरबॉटल भट्टीवाल्याच्या कामाची नसते. म्हणून ती ऐंशी वर्षं कुणाच्या माळ्यावर, कुणाच्या गोठ्यातल्या खुंटीला, नाहीतर अकोल्यातल्या भंगाराच्या ढिगात अगदी तळाशी पडून राहते. मी तिथून ती उचलते. "मॅडम, इसमें कुछ नहीं, पूरा जंग लगेला है," असं म्हणून दुकानदार ती बाजूला टाकतो, आणि मला ती नेमकी हवी असते.

मी प्रयोगशाळा तंत्रज्ञ होते. अकोला आणि अमरावती जिल्ह्यांतल्या गावांतून पाण्याचे नमुने यायचे. त्यांतले क्लोराइड, कठीणपणा, जंतू तपासायचे, आकडे वहीत लिहायचे आणि पाणी पिण्यास योग्य की अयोग्य ते कळवायचं, हे माझं काम. लोक तलवारी जमवतात, नाणी जमवतात, पदकं जमवतात. मला फौज पाणी कुठून आणायची, कशात वाहायची आणि शुद्ध कसं करायची हे पाहायचं होतं. वैशाखाच्या उन्हात एका माणसाला रोज किती पाणी लागतं याचा हिशेब ज्यानं नोकरीभर केला, त्याला दहा हजारांची फौज म्हटली की आधी तिची तहान दिसते आणि मग तिच्या बंदुका.

दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश आणि हिंदी फौजेची ठरावीक बाटली ती मार्क सात. शरीराच्या बाजूला आत वळलेली, बाहेरून फुगीर, म्हणजे चालताना कमरेवर नीट बसावी अशी. आत-बाहेर निळं एनॅमल, काहींवर करडं किंवा हिरवं. तोंडाला बूच, बूच हरवू नये म्हणून दोरीनं बांधलेलं. वरून खाकी नमद्याचं जाड कवच शिवलेलं. पाणी मावतं दोन पाइंट, म्हणजे एक लिटर आणि वर अर्धा पेला. नमदा ओला ठेवला की त्यातलं पाणी उडून जाताना आतलं पाणी गार होतं. आपला माठ ज्या नियमानं चालतो त्याच नियमानं ही बाटली चालते. त्यामुळे मे महिन्यात, अकोल्यात पारा ४५ च्या वर गेला की, ती जशी काम करते तशी ब्रह्मदेशच्या दमट जंगलात करत नव्हती. तिथे हवाच पाण्यानं भरलेली, नमद्यातलं पाणी उडणार कुठे? तिथे नमदा नुसता ओला राहायचा, जड व्हायचा आणि कुजायचा.

नुसती बाटली पाहून ती पहिल्या महायुद्धातली की दुसऱ्यातली, हे सांगणं अवघड. १९०८ साली ठरलेल्या फौजी साजातली, म्हणजे अंगावरच्या पट्ट्या-पिशव्यांच्या संचातली बाटली आणि १९३७ साली ठरलेल्या साजातली बाटली दिसायला जवळपास सारखीच. निकाल लावतात ते पट्टे. बाटली ज्या सुती पट्ट्यांच्या चौकटीत बसवायची, त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूला शाईचा शिक्का असतो: बनवणाऱ्याची अक्षरं, साल आणि सरकारी मालमत्तेचा बाण. विलायतेतल्या मिल्स इक्विपमेंट कंपनीचा माल असेल तर 'एम.ई.सीओ.' अशी रोमन अक्षरं. बाणाखाली रोमन 'आय' असेल तर माल हिंदुस्थान सरकारचा. हिंदुस्थानात विणलेला पट्टा हातात घेतला की कळतो. वीण सैल, सूत जाडंभरडं, रंग लवकर उडालेला. युद्धाच्या घाईत दिवसरात्र चाललेल्या मागांवरचं ते काम. त्यात मला काही कमी वाटत नाही. तो पट्टा आपल्या इथल्या कापसाचाही असू शकेल असं मनात येतं; पण पुरावा नाही, म्हणून कार्डावर तसं लिहीत नाही.

कार्डाचं सांगायला हवं. माझ्याकडच्या प्रत्येक वस्तूला एक कार्ड आहे. कुठे मिळाली, कुणाच्या घरातून, त्या घरी ती कशासाठी वापरत होते, आणि घरचे तिच्याबद्दल काय सांगतात, ते त्यांच्याच शब्दांत. शेवटच्या रकान्याला मी सगळ्यात जास्त जपते. दर्यापूर तालुक्यातल्या एका घरी माळ्यावरून बाटली काढून दिली तेव्हा तिथल्या आजी म्हणाल्या, "माह्या सासऱ्याची होय थे. थो ब्रम्हदेशातून आला तवा गयात टाकूनच आला. मंग घरात घासलेट ठेवाले झाली." मी विचारलं, ते कोणत्या पलटणीत होते? "थे मले काय माहीत बाई. पण पान्याची गोठ निंगाली का थो लय बोले. म्हने, डोंगरावर पानी नोयतं." नाव, नंबर, पलटण काही नाही, डोंगरावर पाणी नव्हतं एवढं मात्र दोन पिढ्या टिकलं. बाटलीतून अजून घासलेटाचा वास येतो. मी तो घालवलेला नाही. युद्धात ती पाच-सहा वर्षं असेल, पण घासलेट तिनं चाळीस वर्षं सांभाळलं, आणि तोही तिचा इतिहासच आहे.

डोंगरावर पाणी नव्हतं ही गोष्ट १९४४ च्या मणिपूर-नागा मुलखाला तंतोतंत लागू पडते. मार्च १९४४ मध्ये उखरूलजवळच्या सांगशाकच्या टेकडीवर ५० वी हिंदी पॅराशूट ब्रिगेड जपान्यांच्या वेढ्यात सापडली. तिच्यासोबत ४/५ मराठा लाइट इन्फंट्री होती, म्हणजे आपली मराठी बोलणारी पोरं. टेकडीवर पाण्याचा स्वतःचा साठा नव्हता, काटेरी तार नव्हती, खडकामुळे खंदक खोल जाईनात. विमानांनी टाकलेला बराचसा माल जपान्यांच्या हद्दीत पडला. २६ मार्चच्या रात्री ते तिथून बाहेर पडले. पण त्या काही दिवसांत त्यांनी जपान्यांना जो वेळ दवडायला लावला, तो कोहिमा आणि इंफाळच्या बचावासाठी मोलाचा ठरला. पुढे एप्रिलमध्ये कोहिमाच्या वेढ्यात पाण्याचा रतीब माणशी दिवसाला अर्ध्या पाइंटवर आला. मार्क सात बाटली हातात घेऊन तिच्यात मी तेवढं पाणी मोजून ओतून पाहिलं आहे. बाटलीचा जेमतेम चौथा हिस्सा भरतो. लढणाऱ्या, जखमी, तापानं फणफणलेल्या माणसाला दिवसभरासाठी तेवढंच.

दर्यापूरच्या त्या आजोबांची पलटण मराठा की महार की आणखी कोणती, ते मी ठरवू शकत नाही. महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली आणि तिची दुसरी पलटण १९४२ मध्ये आपल्या नागपूरजवळच्या कामठीत. ही दुसरी पलटण ब्रह्मदेशात गेली होती. विदर्भातली कितीतरी महार घरं त्या भरतीत होती. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा संरक्षण सल्लागार समितीवर होते आणि पहिल्या महायुद्धानंतर १९२१ मध्ये मोडलेली महार पलटण पुन्हा उभी राहावी हा आग्रह त्यांनी लावून धरला होता. तहानेपुढे जात नसते असं लोक सहज बोलून जातात. पण ज्याला गावच्या विहिरीवर पाणी भरायला मज्जाव होता, त्याच्या कमरेला सरकारनं दिलेली स्वतःची पाण्याची बाटली आली, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ चा, आणि ही भरती त्यानंतर अवघ्या चौदा वर्षांनी. ती बाटली घेऊन तो घरी परतला तेव्हा गावची विहीर कुठे उघडली होती आणि कुठे नाही, हे आजही त्या-त्या गावातली म्हातारी माणसं सांगू शकतात. विचारायला मात्र कुणीतरी गेलं पाहिजे.

वऱ्हाडात फौजेच्या पाण्याची गोष्ट याहून खूप जुनी आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी तेल्हारा-अकोटच्या मैदानात अडगावची लढाई झाली. एका बाजूला आर्थर वेलस्ली, जो पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून जगाला माहीत झाला. दुसऱ्या बाजूला नागपूरकर भोसल्यांची फौज आणि शिंद्यांचे स्वार. वेलस्लीची माणसं त्या दिवशी उन्हात लांबची मजल मारून आली होती. त्यांना आणखी पळवू नये म्हणून त्यानं आधी मुक्काम करायचं ठरवलं होतं, असं त्यानं स्वतःच्या खलित्यातच लिहून ठेवलं आहे. मुक्कामाची जागा आखायला लोक पुढे गेले, समोर अख्खी मराठी फौज उभी दिसली आणि दुपार टळल्यावर लढाई पेटली. ही सगळी पूर्णेच्या खोऱ्यातली सपाट काळी जमीन. इथून दक्षिणेला नदीकडे सरकलं की विहिरींचं पाणी खारट होत जातं; हाच आपला खारपाणपट्टा. परमुलखातून आलेल्या फौजेला कोणती विहीर गोडी आणि कोणती खारी हे सांगणारा गावचा माणूस लागतोच, आणि तो माणूस ज्या बाजूला असेल तिला निम्मं बळ आपोआप मिळतं. आजच्या अडगाव-सिरसोलीच्या शिवारात फिरताना मला लढाईच्या नकाशावरच्या तोफांपेक्षा विहिरी शोधाव्याशा वाटतात.

त्या काळी शिपायाच्या कमरेला सरकारी बाटली नव्हती असं नाही, पण हिंदुस्थानात फौज पाणी प्यायची ती पखालीतून आणि मशकीतून. पखाल म्हणजे मोठ्या जनावराच्या कातड्याची जोडपिशवी, बैलाच्या किंवा हेल्याच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी लोंबणारी. मशक बकऱ्याच्या कातड्याची, भिस्त्याच्या पाठीवर. मद्रासच्या पलटणींत पखाल वाहणाऱ्यांची नेमणूकच असायची. विहिरीवरची मोट आणि फौजेची पखाल या दोन्ही वस्तू एकाच कसबातून आल्या. कातडं कमावणाऱ्या ढोर आणि चांभार कारागिरांचं ते कसब. शिवण अशी की पाण्याचा थेंब सुटू नये, आणि तरी कातडं इतकं सच्छिद्र की पाणी गार राहावं. आजार रेड्याला आणि औषध पखालीला, ही म्हण आपण बोलण्यात वापरतो. ज्या पखालीवरून ती आली, ती पाहिलेलं माणूस आता सापडत नाही.

अडगावनंतर वेलस्लीनं जखमींची सोय अचलपूरला केली आणि त्याची आणि कर्नल स्टीव्हनसनची अशा इंग्रजांच्या दोन्ही फौजा गाविलगडाला भिडल्या. स्टीव्हनसनच्या माणसांनी डिसेंबरच्या ७ ते १२ तारखांत धामणगावकडून सातपुड्याच्या रांगांमधून स्वतः रस्ता करत जड तोफा हातांनी ओढत गडाच्या उत्तर बाजूला नेल्या. १५ डिसेंबरला गड पडला आणि किल्लेदार बेनीसिंग लढता लढता मारला गेला. १७ डिसेंबरला देवगावचा तह भोसल्यांशी, ३० डिसेंबरला सुर्जी-अंजनगावचा तह शिंद्यांशी. दोन्ही आपल्याच मुलखातले. गाविलगडावर चढून गेलं की समोर येतात ते तलाव. देवतलाव आजही पाणी धरून असतो. नरनाळा किल्ल्यावर तर टाक्यांवर कमानी आणि दगडी छप्पर आहे. लोक त्यांना तेला-तुपाची टाकी म्हणतात. उन्हानं पाणी उडू नये म्हणून छप्पर घालणारा तो गवंडी खरा पाण्याचा जाणकार. किल्ला बांधणाऱ्यांनी पाण्याचा विचार तोफांच्या आधी केला होता. पाहणारे मात्र नरनाळ्यावर नऊगजी तोफेशी फोटो काढतात आणि टाक्यांकडे पाठ करतात, याचं मला वाईट वाटतं.

पुढे १८५३ मध्ये निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं ते हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा खर्च भागवण्यासाठी. आपल्या कपाशीच्या शेतसाऱ्यावर एक फौज पोसली जात होती, आणि तिची एक छावणी आपल्याच परतवाड्याला. माझं माहेर तिथलं. १९०२ च्या करारानंतर कंटिन्जंट मोडून हिंदी फौजेत मिसळलं आणि तिच्यातल्या एका पलटणीला नाव मिळालं ९६ वी बेरार इन्फंट्री. वऱ्हाडी माणूस तिच्यात किती होता हा वेगळा प्रश्न, पण नाव टिकलं. आज कुमाऊँ रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीच्या नावापुढे कंसात 'बेरार' लिहिलं जातं. त्या रेजिमेंटचं केंद्र दूर हिमालयात, रानीखेतला.

रानीखेतचा धागा मला आणखी एका कारणानं महत्त्वाचा वाटतो. विल्यम हॉरॉक्स नावाचे फौजी डॉक्टर हिंदुस्थानात नोकरीला होते. त्यांचा मुलगा ब्रायन, जो पुढे दुसऱ्या महायुद्धात नावाजलेला सेनापती झाला, १८९५ मध्ये रानीखेतलाच जन्मला. पण माझ्या दृष्टीनं मोठा तो बाप. बोअर युद्धात ब्रिटिश फौजेची गोळीनं मेली त्यापेक्षा जास्त माणसं रोगानं मेली, आणि त्यांतही विषमज्वरानं, म्हणजे घाणेरड्या पाण्यानं. आघाडीवर प्रयोगशाळा नेता येत नाही. तिथला शिपाईगडी चिखलाच्या नाल्यावर उभा असतो आणि त्याला एवढंच कळायला हवं असतं की या पाण्यात ब्लिचिंग पावडर किती टाकू. हॉरॉक्स यांनी त्यासाठी एक पेटी तयार केली आणि पहिल्या महायुद्धात ती फौजेबरोबर फिरली.

पेटीत सहा पांढरे कप, एक काळा कप, दोन ग्रॅमचे दोन चमचे, काचेच्या कांड्या, एक पिपेट, आणि स्टार्च-आयोडाइडचा द्राव. काळ्या कपात चमचाभर पावडर घालून आतल्या खुणेपर्यंत पाणी भरायचं आणि ढवळायचं. सहाही पांढऱ्या कपांत तपासायचं पाणी. मग काळ्या कपातल्या निवळीचा पहिल्या कपात एक थेंब, दुसऱ्यात दोन, असं सहापर्यंत. अर्धा तास थांबायचं. नंतर प्रत्येक कपात स्टार्च-आयोडाइडचे तीन थेंब. ज्या कपात पहिल्यांदा स्पष्ट निळा रंग येईल, त्याचा नंबर पाहायचा. तिसऱ्यात आला तर तीन चमचे, म्हणजे सहा ग्रॅम पावडर. किती पाण्याला? ४५५ लिटरला.

हा ४५५ आकडा माझ्या प्रशिक्षणात मी पाठ केला होता. वैद्यकीच्या मुलांच्या पुस्तकातही तो आहे, आणि विहीर निर्जंतुक करण्याचा हिशेब आपल्याकडे याच आकड्यावरून मांडतात. तो इतका अडनिडा का, पाचशे का नाही, असं तेव्हा मला कुणी सांगितलं नाही. ४५५ लिटर म्हणजे शंभर गॅलन. फौजेची घोड्यांनी ओढायची पाण्याची गाडी साधारण तेवढीच. म्हणजे खारपाणपट्ट्यातल्या एखाद्या खेड्यात, गॅस्ट्रोची साथ आली म्हणून आरोग्य सेवक विहिरीच्या काठावर बसून सहा कप मांडतो, तेव्हा तो नकळत मेसोपोटेमियातल्या आणि फ्रान्समधल्या पाण्याच्या गाडीचं माप वापरत असतो. युद्धानं जगाला काय दिलं असं विचारलं तर लोक विमानं आणि रेडिओ सांगतात. आमच्या विभागाला त्यानं ही पेटी दिली, आणि तिनं आपल्या पोरांचे किती जीव वाचवले याचा हिशेब मांडता येणार नाही. ती वेळेवर वापरली गेली नाही तिथे काय होतं, हेही मी नमुन्यांच्या बाटल्यांवरून पाहिलं आहे. पहिल्या महायुद्धातच मेसोपोटेमियाचे सेनापती स्टॅन्ली मॉड १८ नोव्हेंबर १९१७ रोजी बगदादमध्ये कॉलऱ्यानं गेले. कॉलऱ्यानं हुद्दा पाहिला नाही.

दुसऱ्या महायुद्धात हीच युक्ती शिपायाच्या खिशात उतरली. छोट्या पत्र्याच्या डबीत दोन कुप्या: एकीत पाणी शुद्ध करायच्या पांढऱ्या गोळ्या, दुसरीत क्लोरीनची चव मारायच्या निळ्या गोळ्या. आधी पांढरी टाकायची, थांबायचं, मग निळी. तहानेला थांबायला लावणं हे त्यातलं सगळ्यात अवघड काम असणार. क्लोरीन घातलेल्या पाण्याला 'वास येते' म्हणून ते ओतून देणारी गावं माझ्या वहीत भरपूर आहेत. त्यांना मी ही दोन कुप्यांची डबी दाखवत असे. चव मारण्याची सोय नसली तरी थांबण्याची गरज तेवढीच आहे, हे त्यावरून पटायचं.

युद्ध संपल्यावर हा माल वऱ्हाडात आला दोन वाटांनी. एक, परतलेल्या शिपायांच्या खांद्यावरून. दुसरी वाट डिस्पोजलची. फौजेचे डेपो रिकामे करायला सरकारनं माल लिलावात काढला. अमेरिकेचा हिंदुस्थानात राहिलेला मालही १९४६ च्या करारानं आपल्या सरकारकडे आला आणि तोही बाजारात उतरला. तंबू, ताडपत्र्या, घोंगड्या, जेरीकॅन, बूट, बाटल्या. 'मिलिटरीचा माल' म्हणजे टिकाऊ माल, अशी त्या पिढीची खात्री. अमरावतीच्या इतवारा बाजारात मला मिळालेली अमेरिकन बाटली याच वाटेनं आली असावी. ही बाटली वेगळ्या घडणीची: तोंडाला फिरकीचं झाकण, ते साखळीनं जोडलेलं, आणि बाटली ज्यात नेमकी बसते असा मूठ दुमडणारा धातूचा पेला. खांद्यापाशी किंवा तळाशी 'यू.एस.', कारखान्याची अक्षरं आणि साल ठोकलेलं. अ‍ॅल्युमिनियमची तंगी झाली तेव्हा १९४२ च्या सुमारास अमेरिकेतल्या व्हॉलरथ कंपनीनं एनॅमलच्या बाटल्याही केल्या. एनॅमलचे टवके उडतात म्हणून त्या फार चालल्या नाहीत आणि पुढे स्टेनलेस स्टील आलं. ब्रिटिशांनी १९४४ च्या जंगली साजात ही अमेरिकन घडणच उचलली, पेल्यासकट, आणि पिशवीत शुद्धीकरणाच्या गोळ्यांसाठी वेगळा कप्पा शिवला. अ‍ॅल्युमिनियमच्या या बाटल्या इथे फार कमी राहिल्या. त्या वितळल्या. आपल्या कुणाच्या घरी जुनी अ‍ॅल्युमिनियमची कढई असेल तर तिच्यात कोणत्या आघाडीवरचं काय मिसळलं आहे, सांगता येणार नाही.

छागल मात्र इथली इथेच होती आणि फौजेनं ती इथूनच घेतली. जाड किरमिचाची, म्हणजे कॅनव्हासची पिशवी, वर तोटीला लाकडी बूच. नवी आणली की आधी भिजवून ठेवायची, सूत फुगलं की गळणं थांबतं. हिंदी फौजेच्या छागलींवर बाणाचा शिक्का असतो. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात त्या गाड्यांच्या बाहेर लटकवलेल्या असत. इथे ती दमणीच्या मागे, ट्रकच्या समोर, कापसाच्या गाडीच्या जुवाला असायची. अकोल्याच्या बाजारात कापूस घेऊन निघालेला शेतकरी खारपाणपट्ट्यातून जाताना वाटेत विहीर दिसली तरी पाणी तोंडात धरवणार नाही हे जाणून होता. घरचं गोडं पाणी सोबत नेणं ही त्याची गरज होती, फौजेची मोहीम असो नसो.

या पट्ट्यातून आलेल्या बाटल्या मी आतून धूत नाही. त्यांच्या तळाशी पांढरट कवच असतं. त्यातलं चिमूटभर खरवडून ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवलं आणि सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकले की पांढरा दाट साका बसतो, क्लोराइड. परतून आलेला शिपाई पुढची कितीतरी वर्षं त्याच बाटलीतून शेतावर खारं पाणी पीत होता, हे त्या कवचावरून वाचता येतं. वाण धरणावरची चौऱ्यायशी खेडी योजना आली तेव्हा कुठे अकोट-तेल्हाऱ्याकडच्या गावांना नळानं गोडं पाणी दिसलं, आणि आजही प्रत्येक नळाला ते रोज येत नाही.

माझ्या कपाटात सगळ्यात मोठी रिकामी जागा आहे ती भिस्त्याची. पाणी वाहणारा हा फौजेच्या कागदोपत्री लढाऊ शिपाई नव्हता. स्वयंपाकी, झाडूवाला, मोची, घोड्याचा सईस यांच्याबरोबर त्याची नोंद 'अनुयायी' म्हणून. पगार कमी, शिधा कमी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सरहद्दीवरच्या मोहिमांची जी पदकं निघाली, त्यांत लढणाऱ्याला चांदीचं आणि अनुयायाला ब्राँझचं. गोळीच्या पल्ल्यात दोघेही सारखेच, उलट भिस्त्याच्या हातात बंदूक नाही आणि पाठीवर भरलेली मशक. अडगावच्या लढाईत पाणी वाहणाऱ्या एकाचंही नाव मला कुठल्या ग्रंथात सापडलेलं नाही. सेनापतींची नावं मात्र सगळीकडे लिहिलेली आहेत.

कायद्याप्रमाणे शंभर वर्षं झालेली वस्तू पुरावस्तू ठरते. १९७२ चा कायदा तसं सांगतो. पहिल्या महायुद्धातली बाटली ती रेषा ओलांडून गेली. दुसऱ्यातली अजून नाही. म्हणजे येती वीस वर्षं ती कुणाचीच नाही, ना पुराणवस्तू खात्याची, ना संग्रहालयाची. या वीस वर्षांत त्या घरातली, बाटली कुणाची होती हे सांगणारी शेवटची माणसं जातील. म्हणून मी घाई करते.

तुमच्या घरी अशी बाटली निघाली तर चिंचेनं घासू नका, रंग देऊ नका. नमद्याला कसर लागू नये म्हणून जवळ कडुलिंबाचा पाला किंवा डांबराच्या गोळ्या ठेवा, एवढं पुरे. बूच कोरडं पडून फुटलं असेल तर तुकडे फेकू नका, कागदात गुंडाळून तिथेच ठेवा. आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून, तो जे सांगेल ते त्याच्याच बोलीत लिहून घ्या; पलटणीचा नंबर आठवत नसला तरी हरकत नाही.

मला स्वतःला दोन गोष्टी हव्या आहेत. एक, पखालीचा कसाही तुकडा, शिवण शाबूत असलेला. दुसरी, हॉरॉक्स पेटीतला काळा कप. निर्लेखित सामानाच्या लिलावात मला पेटी मिळाली, तिच्यात सहा पांढरे कप आहेत, चमचे आहेत, काळा नाही. वऱ्हाडातल्या एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कपाटात तो असणार. निर्लेखनाची यादी करताना तो दिसला तर भंगारात टाकण्याआधी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत कळवा, माझ्यापर्यंत निरोप पोचेल.